पोलीस भरतीचं मैदान: दम आणि ताकद एकाच वेळापत्रकात कशी बसवायची

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर, गुणांची वाटणी तीच. म्हणजे दमाचे गुण २० आणि वेग-ताकदीचे ३०. आणि आपली पोरं सहा-सहा महिने काय करतात? पहाटे उठून पळतात. रोज तेच अंतर, त्याच वेगानं. गोळा शनिवारी, तोही कुणाकडे असला तर.

दुसऱ्या टोकाला जिमवाले. छाती आणि दंड झकास, शंभर मीटरही बरं जातं, पण १६०० च्या तिसऱ्या फेरीत हात कमरेवर. या दोघांनाही एकच गोष्ट जमवायची आहे: दम आणि ताकद एकाच आठवड्यात, एकीनं दुसरीचा घास न घेता वाढवणं. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर आणि पुलअप्स असतात, राज्य राखीव दलाच्या भरतीत ५ किलोमीटरसोबत गोळा असतो. तिथंही हाच पेच आहे. मी उदाहरण पोलीस शिपायाचं घेतो, कारण त्याची तयारी करणारे सगळ्यात जास्त.

आधी हा पेच नेमका काय आहे ते समजून घ्या

रॉबर्ट हिक्सन नावाचा अमेरिकन संशोधक स्वतः वजनं उचलणारा गडी होता. नव्या प्रयोगशाळेत गेल्यावर तो वरिष्ठांसोबत रोज पळायला जायला लागला आणि त्याची ताकद घटायला लागली, असं सांगतात. पुढं त्यानं यावरच प्रयोग केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. तीन गट, दहा आठवडे. एक गट आठवड्यातून पाच दिवस फक्त पायांच्या ताकदीचे व्यायाम करायचा, दुसरा सहा दिवस फक्त दमाचे, तिसरा दोन्ही. सहा-सात आठवडे तिसऱ्या गटाची ताकद पहिल्या गटासारखीच वाढली. मग वाढ थांबली, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ताकद चक्क खाली आली. दम मात्र त्यांचा दुसऱ्या गटाइतकाच वाढला.

यातून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, दोन्ही एकत्र केल्यानं लगेच काही बिघडत नाही, बिघडतं ते अति केल्यावर. तिसऱ्या गटाचे आठवड्याला अकरा व्यायाम होत होते. दुसरी, नवख्याला पहिले दोन महिने सगळंच वाढताना दिसतं, त्यामुळे तो फसतो. नेमकी भरतीची तारीख जवळ आली की गाडी अडकते आणि मग तो आणखी पळतो. तिसरी, ताकदीच्या व्यायामानं दम कमी होत नाही. ‘वजन उचललं की पाय जड होतात, रनिंग मारलं जातं’ हे मैदानावरचं ठाम मत आहे, पण ते खरं नाही. १९९९ मध्ये फिनलंडमध्ये लीना पावोलाइनेन आणि सहकाऱ्यांनी चांगल्या धावपटूंच्या सरावाचा जवळपास एक तृतीयांश भाग काढून तिथं उड्या, स्प्रिंट आणि हलक्या वजनाचे झटक्याचे व्यायाम टाकले. नऊ आठवड्यांनी त्यांचा ५ किलोमीटरचा वेळ सुधारला. छातीचा भाता होता तेवढाच राहिला, पण प्रत्येक पावलाला लागणारी ऊर्जा कमी झाली.

नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की दोन्ही एकत्र करण्याचा खरा फटका बसतो तो झटक्याच्या ताकदीला, त्यातही दोन्ही एकाच वेळी एकामागून एक केल्यावर. म्हणजे स्प्रिंटला आणि गोळ्याला. म्हणजे तुमच्या ३० गुणांना. त्यामुळे पुढचं वेळापत्रक या दोन गोष्टींना सांभाळून रचलंय.

पहिलं काम: स्वतःला मोजा

सुरुवातीला डॉक्टरला एकदा दाखवा. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकारानं गेलं असेल, पळताना छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर ईसीजी काढल्याशिवाय मैदानावर उतरू नका.

मग चाचणी घ्या, पण दोन दिवसांत विभागून. पहिल्या दिवशी १०० मीटर आणि गोळा, एक दिवस सोडून १६०० किंवा ८००. मैदान मोबाईलच्या ॲपवर मोजू नका. छोट्या गोल मैदानावर ते हमखास गंडतं. तीस मीटरची टेप आणा आणि चुन्यानं खुणा करा. गोळाही वजनकाट्यावर ठेवून बघा. मुलांचा ७.२६० किलो, मुलींचा ४ किलो. स्थानिक कारखान्यात ओतलेला गोळा कमी भरला, तर वर्षभर साडेआठ मीटर टाकणारा चाचणीत आठच्या आत येतो आणि नशिबाला दोष देत बसतो.

गेल्या काही भरत्यांत पूर्ण गुणांसाठीचे आकडे असे होते: मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत आणि गोळा ८.५० मीटर. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि गोळा ६ मीटर. तुमच्या भरतीची जाहिरात आली की त्यातला तक्ता कापून वहीत चिकटवा, तोच खरा. आपले आकडे त्याशेजारी लिहा आणि थोडं व्यापाऱ्यासारखं बघा: कुठला गुण सगळ्यात स्वस्तात मिळतोय?

माझं मत विचाराल तर बहुतेकांसाठी गोळ्याचे गुण सगळ्यात स्वस्त. १०० मीटरमध्ये अर्धा सेकंद कमी करायला घाम निघतो आणि साडेअकरा सेकंद हे बऱ्याच जणांच्या शरीराच्या बांध्यातच नसतं. पण गोळा नुसता नीट धरायला आणि पायातून ढकलायला शिकलात तरी महिन्याभरात अंतर बदलतं. त्यावर पुढं येतोच.

आठवडा कसा आखायचा

एक नियम पाठ करा: अवघड दिवस अवघड, हलका दिवस खरोखर हलका. बहुतेक जण रोज मध्यम करतात. ना जोर लागतो, ना विश्रांती मिळते. ताकदीचा व्यायाम ‘मोकळ्या’ दिवशी टाकला की मोकळा दिवसच उरत नाही, म्हणून तो वेगाच्या दिवशीच संध्याकाळी टाका.

- सोमवार: सकाळी स्प्रिंट आणि गोळा. संध्याकाळी ताकद, जड.
- मंगळवार: ३० ते ४० मिनिटं सावकाश पळणं.
- बुधवार: सकाळी इंटरव्हल (ठरलेल्या वेगानं एक फेरी, थोडं चालणं, पुन्हा फेरी). संध्याकाळी पोट-पाठ आणि खांद्याचे हलके व्यायाम, वीस मिनिटं.
- गुरुवार: चालणं, स्ट्रेचिंग. पळायचं नाही.
- शुक्रवार: सकाळी स्प्रिंट आणि गोळा. संध्याकाळी ताकद.
- शनिवार: ४५ ते ६० मिनिटं सावकाश लांब पळणं.
- रविवार: सुट्टी. क्रिकेटची मॅचसुद्धा नाही.

सकाळ आणि संध्याकाळच्या व्यायामात किमान सहा तास जाऊ द्या. कंपनीत शिफ्ट असेल, शेतीची कामं असतील आणि दिवसातून एकदाच वेळ मिळत असेल, तर क्रम असा ठेवा: वॉर्मअप, मग स्प्रिंट किंवा गोळा, मग वजनं, आणि शेवटी जमलं तर पंधरा-वीस मिनिटं सावकाश पळणं. ज्याला ताजे पाय आणि ताजं डोकं लागतं ते आधी. इंटरव्हल आणि जड वजनं एकाच तासात कोंबू नका. इंटरव्हल करायचे असतील तर त्या दिवशी वजनं सोडून द्या.

शेतात दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरलात, तर तोही व्यायामच झाला. त्या संध्याकाळचा ताकदीचा सेट अर्धा करा. वेळापत्रकाला ते माहीत नसतं, तुम्हाला असतं.

ताकद: काय उचलायचं, किती उचलायचं

सहा हालचाली पुरतात. बसून उठणं (स्क्वॉट), कमरेतून वाकून जमिनीवरून उचलणं (डेडलिफ्ट), एक पाय पुढं टाकून खाली जाणं (लंज), डोक्यावर ढकलणं, स्वतःकडे ओढणं (पुलअप किंवा रोइंग) आणि टाचा उचलणं. जोडीला प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून राहणं). बायसेप्सचे दहा प्रकार करायचे असतील तर नोकरी लागल्यावर करा.

जिम नसेल तरी अडत नाही. खताची रिकामी गोणी घ्या. आत जाड प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये पाच-पाच किलो वाळू भरून त्यांची तोंडं घट्ट बांधा आणि त्या गोणीत ठेवा. सगळी वाळू थेट गोणीत ओतली तर बैठकीला ती एका बाजूला घसरते आणि कंबर पिरगळते. पिशव्यांमुळे वजनही हिशेबात वाढवता येतं. पुलअपला मैदानावरचा बार किंवा शाळेतली चांगली मजबूत सळई. झाडाची फांदी आधी लोंबकळून तपासा.

पहिले चार आठवडे प्रत्येक हालचालीचे ८ ते १० वेळा असे ३ सेट. वजन एवढंच, की सेट संपताना आणखी दोन वेळा सहज झाले असते असं वाटेल. सुरुवातीला अंग आंबतं, दुसऱ्या दिवशी जास्त, आणि तीन दिवसांत उतरतं. जिना उतरताना कण्हायला होतं, त्याला घाबरू नका. पण ते दुखणं म्हणजे व्यायामाची पावती असंही समजू नका. पुढच्या महिन्यात दर आठवड्याला थोडं वजन वाढवा आणि संख्या ५ वर आणा: ५ वेळा, ४ सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. या विश्रांतीत मोबाईल बघितलात तरी चालेल, पण घाई नको. विश्रांती कापली की ताकदीचा व्यायाम दमाचा होऊन बसतो, आणि दमाचा व्यायाम तुम्ही वेगळा करताच आहात.

इथं तालमीतल्या जोर-बैठकांबद्दल. त्या उत्तम आहेत. आपल्या पैलवानांची अंगं त्यांवरच घडली. पण तीनशे बैठका एका दमात मारणं ही टिकून राहण्याची ताकद झाली. गोळ्याला आणि स्प्रिंटच्या सुरुवातीला लागते ती एका झटक्याची. तेव्हा बैठकांची संख्या पन्नासवरून शंभर करण्याऐवजी खांद्यावर गोणी घ्या आणि पाचच मारा. जोर मात्र बुधवारच्या संध्याकाळी जरूर ठेवा, खांदा आणि पाठीचा कणा मोकळा राहतो.

दुसऱ्या महिन्यापासून जड सेटच्या आधी उड्या घाला: जागेवरून लांब उडी, ५ वेळा, ३ सेट, प्रत्येक उडी पूर्ण जोरानं. मऊ मातीवर, गुडघे वाकवून उतरा.

मुलींच्या घरून एक शंका हमखास येते, वजनं उचलली की अंग पुरुषी होईल. होत नाही. तेवढे स्नायू चढायला लागणारं संप्रेरक मुलींच्या शरीरात फार थोडं असतं. उलट ४ किलोचा गोळा ६ मीटर जायला वरच्या अंगाची ताकदच बहुतेकींना कमी पडते, म्हणून मुलींनी खांदा आणि पाठीच्या व्यायामाला जास्त वेळ द्यावा. दम लवकर लागत असेल, थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असताना कितीही फेऱ्या मारल्या तरी वेळ सुधारत नाही. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा हा बुटांइतकाच गरजेचा खर्च आहे, त्यात काटकसर नको.

पळणं: सावकाश म्हणजे किती सावकाश

मंगळवार-शनिवारच्या पळण्यात शेजारच्याला ‘काल गणिताचा पेपर सोडवलास का, किती पडले?’ असं पूर्ण वाक्य न अडखळता विचारता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी करा. लाज वाटेल, अकॅडमीची पोरं पुढं निघून जातील, जाऊ द्या. १६०० मीटरला पाच-सहा मिनिटं लागतात आणि त्यातली बहुतांश ऊर्जा प्राणवायूवरच तयार होते. हा पाया सावकाश पळूनच भरतो. शिवाय सावकाश पळालात तरच संध्याकाळच्या किंवा उद्याच्या वजनांना पाय शिल्लक राहतात.

बुधवार मात्र वेगळा. समजा तुमचा आत्ताचा वेळ ६ मिनिटं २० सेकंद आहे. पहिलं लक्ष्य ६ मिनिटं ठेवा. म्हणजे ४०० मीटरची फेरी ९० सेकंदांत. या वेगानं ४०० मीटर पळा, तीन मिनिटं चाला, पुन्हा पळा. चारपासून सुरुवात करा, काही आठवड्यांत सहावर जा, मग विश्रांती दोन मिनिटांवर आणा. सगळ्या फेऱ्या एकाच वेळेत आल्या पाहिजेत. पहिली ८० सेकंदांत आणि शेवटची १०० सेकंदांत, असा सराव फुकट गेला. पाच मिनिटं दहा सेकंदांचं स्वप्न असेल तर फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांची लागते. मुलींना २ मिनिटं ५० सेकंदांसाठी ८५ सेकंदांची. हे आकडे घड्याळ न बघता पायांना ओळखता आले पाहिजेत, कारण चाचणीत घोळका सुटतो तेव्हा पहिल्या दोनशे मीटरला सगळेच शंभर मीटर असल्यासारखे पळतात.

स्प्रिंटचा सराव लहान ठेवा. ३० मीटर, पूर्ण जोरानं, ६ वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. दुसऱ्या महिन्यात त्यातले दोन ६० मीटरचे करा. दम लागेपर्यंत स्प्रिंट मारणं हा वेगाचा सराव नव्हेच. वेग पडला की त्या दिवशीचं काम संपलं.

डांबरी रस्ता शक्यतो टाळा. मातीचं मैदान, कॅनॉलच्या कडेची वाट बरी. पहाटे अंधारात रस्त्यावर पळावंच लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, उजळ कपडे घालून. कानात इअरफोन नको. मुलींनी तीन-चार जणींचा गट करावा.

गोळा: पंधरा गुण आणि सगळ्यात कमी सराव

गोळा तळहाताच्या खळग्यात धरू नका. तो बोटांच्या मुळांवर बसतो, मधली तीन बोटं मागं, अंगठा आणि करंगळी आधाराला. सराव संपला की हात बघा. बोटांच्या मुळांशी माती लागली असेल तर ठीक. तळव्याच्या मधोमध लागली असेल तर गोळा चुकीचा धरला होता. मानेला जबड्याखालीही मातीचा डाग हवा, कारण सुटेपर्यंत गोळा तिथंच टेकलेला असतो. तो मानेपासून सुटून खांद्याच्या मागं गेला की फेक चेंडूसारखी होते. ते नियमात बसत नाही, आणि कोपरही दुखावतं.

आता उभ्यानं टाकायची पद्धत, उजव्या हाताच्या माणसासाठी. गोळा जिकडं जायचा तिकडं डावा खांदा करा. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा. उजवा गुडघा वाकवून सगळं वजन उजव्या पायावर घ्या, छाती मागं वळलेली. आता हाताचा विचारच करू नका. उजवी टाच बाहेर फिरवा, तिच्यामागून कंबर वळेल, कंबरेमागून छाती, आणि डावा पाय कुंपणाच्या खांबासारखा ताठ राहील. छाती समोर आली की मग हात, कोपर उंच, आणि शेवटी मनगट-बोटांचा झटका. नवखा नेमका उलट करतो. आधी हात निघतो, पाय मागून येतात, आणि सगळं अंतर खांद्यावर काढायला जातो.

गोळा फार उंच उडवू नका. शाळेत ४५ अंश शिकलेलं असतं, पण ते जमिनीवरून सुटणाऱ्या वस्तूचं गणित. आपला गोळा हातातून सुटतो तोच डोक्याच्या उंचीवरून, आणि सरळ वर ढकलताना अंगाचा जोरही कमी लावता येतो. पस्तीस ते अडतीस अंशांच्या आसपास बरं पडतं. सरावाला समोर काही अंतरावर दोन काठ्या रोवून आडवी दोरी बांधा आणि ती जेमतेम ओलांडेल असा टाका.

दर सत्रात १५ ते २० फेकी पुरे, त्यातल्या शेवटच्या तीन मोजायच्या. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर असतो, तेवढं चुन्यानं आखून त्यातच सराव करा आणि टाकून झाल्यावर मागच्या अर्ध्यातून बाहेर पडायची सवय लावा. चांगली फेक झाल्यावर आनंदानं पुढून बाहेर पडणारे दर मैदानावर सापडतात. मनगटासाठी बोटांवर जोर मारा, आधी गुडघे टेकून.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ ४६ गटात (हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा गट) १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक घेऊन आला. त्याच्या फेकीचे व्हिडिओ काढून बघा, विशेषतः पाय. मोबाईलवर स्वतःचाही व्हिडिओ बाजूनं काढा आणि सावकाश चालवून पायांशी पाय ताडून बघा. प्रशिक्षक नसेल तर याहून चांगला आरसा नाही.

बारा आठवडे

पहिले चार आठवडे: सावकाश पळणं, हलकी वजनं, गोळ्याचं तंत्र. बुधवारी इंटरव्हलऐवजी सावकाश पळण्याच्या शेवटी शंभर मीटरच्या चार-पाच जलद धावा. पाच ते आठ: वजन वाढवा, इंटरव्हल सुरू. नऊ ते अकरा: ताकदीचे सेट चारवरून दोनवर आणा, वजन तेवढंच ठेवा, आणि इंटरव्हल लक्ष्याच्या वेगाला भिडवा. बारावा आठवडा: सगळं निम्मं, वेग कायम. चाचणीआधीच्या पाच दिवसांत जड वजन उचलायचं नाही. चौथ्या आणि आठव्या आठवड्यातही प्रमाण एक तृतीयांशानं कमी करा. हा आळस वाटेल, पण हिक्सनच्या तिसऱ्या गटाची गाडी जिथं अडकली ती जागा अशीच ओलांडता येते.

खाणं, झोप आणि दुखणी

६० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ९५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे किलोमागं १.६ ग्रॅम. प्रोटीन पावडरच्या डब्याची गरज नाही. चार अंडी २४ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी २६, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२. उरलेलं वरण, उसळ आणि भाकरीतून सहज येतं. अंडी चालत नसतील तर हरभरा, मटकी आणि दही वाढवा. भात-भाकरी कमी करू नका, इंटरव्हल त्याच्यावरच चालतात. बुधवारी पूर्ण उपाशीपोटी पळू नका, अर्धा तास आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे.

अकॅडमीत पहाटे साडेचारला उठवतात आणि मुलं लेखीसाठी रात्री बारापर्यंत जागतात. ताकद वाढते ती झोपेत, वजन उचलताना नव्हे. रात्र कमी पडत असेल तर दुपारी तासभर झोपा. दोन दिवस सलग पाच तासांहून कमी झोप झाली तर त्या दिवशीची जड वजनं रद्द.

नडगीचं दुखणं, ज्याला मैदानावर सगळे शिन पेन म्हणतात, ते पळण्याचं प्रमाण एकदम वाढवल्यानं होतं. नडगीच्या आतल्या कडेनं बोट फिरवून बघा. वीतभर पट्टा दुखत असेल तर आठवडाभर पळणं निम्मं करा, सायकल चालवा, टाचा उचलायचे व्यायाम करा. पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा पट्टी बांधून पळू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडं जा.

भरतीच्या धावेत उमेदवार कोसळल्याच्या, दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. उकाड्यात चाचणी असेल तर आधीचे दहा-बारा दिवस थोडं ऊन चढल्यावर पळून शरीराला सवय लावा. पळताना चक्कर, अंगावर काटा, असंबद्ध बोलणं दिसलं तर त्या माणसाला लगेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि दवाखान्यात न्या. चाचणीच्या आदल्या दिवशी कुणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ किंवा गोळी देत असेल तर त्याच्या सावलीलाही उभं राहू नका. दुप्पट एनर्जी ड्रिंक पिऊन धावणंही त्याच रांगेतलं.

तारीख पुढं गेली तर

आणि ती जातेच. पाऊस, निवडणूक, न्यायालय, काहीही. बाराव्या आठवड्याला टोकावर आलेला मुलगा मग आणखी तीन महिने तसाच ताणून धरतो आणि खऱ्या तारखेला मोडलेला असतो. त्याची गरज नाही. हिक्सननंच १९८१ मध्ये दाखवलं की दहा आठवडे कमावलेला दम, व्यायामाचे दिवस सहावरून दोनवर आणले तरी पंधरा आठवडे टिकतो. अट एकच, त्या दोन दिवसांचा जोर कमी होता कामा नये. ताकदीचंही असंच, आठवड्यातून एक जड सत्र ती बऱ्यापैकी धरून ठेवतं.

म्हणून तारीख लांबली की आठवडा असा करा: एक दिवस इंटरव्हल, एक दिवस स्प्रिंट-गोळा आणि त्याच संध्याकाळी वजनं, एक दिवस सावकाश पळणं. बाकीचे चार दिवस लेखीला द्या. मैदानी आधी होते आणि लेखी नंतर, त्यामुळे पुस्तकं नेमकी याच दिवसांत मागं पडतात. नवी तारीख जाहीर झाली की उलटे सहा आठवडे मोजा आणि वेळापत्रक सातव्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करा.